पथारीवरचं आभाळ

आमच्या नंदुरबारला थंडी आधी नाकाला कळते. यंदाचा हंगाम लागला तेव्हा एका सकाळी रेल्वे फाटकाशी रिक्षात बसले होते. शेजारी कॉलेजच्या दोन मुली, पुढे चालकाला खेटून एक मास्तर. फाटक उघडलं, वारा आडवा आला आणि आम्ही सगळे एकापाठोपाठ एक शिंकलो. चालक मागे न बघता म्हणाला, "लागनी मिरची." मुली हसल्या, मास्तरांनी रुमाल काढला, मी तेवढी बाहेर बघत राहिले. हंगाम आला की मला गेल्या वर्षीचा हंगाम आठवणार, हे मला माहीत होतं. इतक्या लवकर, फाटकातच आठवेल असं वाटलं नव्हतं.

आज सकाळपासून तर आभाळ आहे. पांढुरकं, कुठेही न जाणारं आणि काहीही न करणारं. मी पथारीवर येऊन तिसऱ्यांदा चहा केला आणि तिसऱ्यांदा अर्धा टाकून दिला.

पथारी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगायला वेळ लागत नाही. ओली लाल मिरची मार्केट यार्डातून ट्रॅक्टर भरभरून येते आणि गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर पसरली जाते. उन्हात सुकते. दाताळ्याने ती वरखाली करायची, सुकली की देठ खुडायचे, फटकी म्हणजे पांढरी पडलेली मिरची वेगळी काढायची, बाकीची पोत्यांत भरायची. काम एवढंच. लांबून फोटो काढायला येणाऱ्यांना नुसता लाल रंग दिसतो. जवळ उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी, घशात खवखव आणि बोटांची अशी आग, की घरी गेल्यावरही हात तोंडाला लावायची भीती वाटते. आणि वर आभाळ असतं. त्याच्यावर कुणाचा अंमल चालत नाही.

मी या पथारीची व्यवस्थापक. तशी पाटी कुठे नाही, पथारीलाच पाटी नाही. नाशिकला एका कचेरीत काही वर्षं काढून मी गावी परत आले, तेव्हा पथारीच्या मालकांनी, शेठनी, विचारलं, मिरची सांभाळशील का? मी हो म्हटलं. मिरची सांभाळणं जमलं. माणसं सांभाळावी लागतील, हे तेव्हा बोलण्यात आलं नव्हतं. आणि मला स्वतःला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. पथारीवर ती भिंगरी कामाला आली. दिवसभर मी मिरचीच्या पट्ट्यांमधून चालत असते. चालण्याने काही सुटत नाही, पण बसण्यानेही कुठे सुटतं?

माझ्याकडे गेल्या हंगामापर्यंत दोन जुनी माणसं होती, युसुफचाचा आणि भिकाआप्पा.

चाचांचं घराणं पिंजाऱ्यांचं. कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा बसत गेला, तसे चाचा तरुणपणीच मिरचीकडे आले आणि इथलेच झाले. सकाळी पथारीवर पाऊल टाकलं की ते आधी वर बघत, मग माझ्याकडे. जानेवारीत छत्री बाळगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ट्रॅक्टर मागे येत असला तर त्याखाली कुणी तरी येणार, पोतं शिवलं तर ते मध्येच उसवणार, नवी बाई कामाला आली तर ती चक्कर येऊन पडणार. कुठल्याही गोष्टीचं वाईट टोक त्यांना सगळ्यात आधी दिसायचं, आणि दिसलं की ते सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्यामुळे आमच्याकडे कुणी कधी ट्रॅक्टरखाली आलं नाही, हे मात्र खरं.

आप्पा जवळच्याच खेड्यातला, घरची थोडी शेती असलेला, मोकळा गडी. त्याचं एकच पालुपद, "काही होवाव नही." काही होणार नाही. ट्रॅक्टर अडकला, काही होवाव नही. बाया आल्या नाहीत, येतील, काही होवाव नही. त्याच्यासोबत काम करताना जिवाला हलकं वाटायचं. त्याच्या भरवशावर आम्ही कितीतरी मिरची एक ऊन जास्त खाऊ दिली आणि तिचा रंग असा उतरला की यार्डात माणसं थांबून बघत. हेही खरं.

भांडण होतं ते आभाळाचं. मिरची उघडी ठेवली आणि पाऊस आला, तर ती काळी पडते. अर्धवट सुकलेली मिरची घाईने ढीग करून ताडपत्रीखाली घातली आणि पाऊस आलाच नाही, तर आतल्या आत तिला घाम सुटतो, ढीग तापतो आणि तीच मिरची काळी पडते. म्हणजे चाचाही बरोबर आणि आप्पाही बरोबर. कोण बरोबर होतं ते पाऊस येऊन गेल्यावर कळतं, आणि ठरवायचं असतं त्याच्या आधी. कुठलंही आभाळ आलं की एक म्हणे झाका, दुसरा म्हणे राहू द्या, आणि दोघंही माझ्याकडे बघत. तेव्हा मला नाशिकच्या कचेरीतला पंखा आठवायचा. तो निदान एकाच दिशेने फिरत असे.

शेठनी मला एकदा सुरतला एका प्रशिक्षणाला पाठवलं होतं. थंडगार हॉल, टेबलावर पुदिन्याच्या गोळ्या, आणि समोर कोट घातलेला एक चुणचुणीत माणूस. त्याने माणसांचे प्रकार पाडून दाखवले. एक धोका बघणारा, एक संधी बघणारा, एक आकडे बघणारा, एक माणसं बघणारा. भिन्न विचारांची माणसं ही संस्थेची ताकद असते, असं तो हसत हसत म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. परत येताना गाडीत खिडकीशी बसून मी चाचांना एका खान्यात टाकलं, आप्पाला दुसऱ्यात, आणि मोठं काम झालं असं वाटून डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पथारीवर आले तर ते दोघं एकाच ताडपत्रीची दोन टोकं धरून उभे होते. एक ओढत होता आणि दुसरा सोडत नव्हता. त्या कोटवाल्याला तिथे आणून अर्धा दिवस उभा करावा, असं मला मनापासून वाटलं.

आणि तिसरी मार्थाबाई. ती चिंचपाड्याकडच्या डोंगरातल्या बायांची टोळी घेऊन यायची. हंगामभर त्या पथारीच्या कडेच्या झोपड्यांतच राहायच्या, आपसात डोंगरातल्या कोकणा लोकांच्या कोकणीत बोलायच्या, रविवारी प्रार्थना झाल्याशिवाय कामाला हात लावायच्या नाहीत. या टोळीची एक रीत होती. नेहमीपेक्षा वेगळं काही विचारलं की मार्थाबाई एकटी उत्तर द्यायची नाही. सगळ्या निंबाखाली गोल बसायच्या, अगदी कालपरवा आलेली पोरसुद्धा आपलं म्हणणं सांगायची, आणि शेवटचीचं बोलून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकदा त्या अशा बसल्या असताना भरलेला ट्रॅक्टर वाट बघून निघून गेला होता. मी बडबडले, तर मार्थाबाई म्हणाली होती, "ट्रॅक्टर परत येतो, मॅडम. बाई रुसली तर परत येत नाही." तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला होता.

तर गेल्या हंगामात, संक्रांत होऊन गेल्यावर, आभाळ आलं. नेहमीसारखं पांढुरकं नाही. खाली उतरलेलं, काळपट, वारा घेऊन आलेलं. दुपारची जेवणं अर्धी टाकून माणसं उठली. चाचा छत्री न उघडता हातात धरून पट्ट्यांमधून पळत होते आणि सगळी मिरची झाका म्हणून ओरडत होते. आप्पा मैदानाच्या मधोमध दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता. हे आभाळ तापीपार जाईल, असं त्याचं म्हणणं, आणि आज झाकलं तर उद्या घाम काढायला बसावं लागेल. दोघं बोलत माझ्याशी होते, भांडत एकमेकांशी होते. टोळीला मी उशिरापर्यंत थांबून झाकायला हातभार लावाल का म्हणून विचारलं, तर त्या निंबाखाली बसल्या. गोल. शांतपणे. वर वीज लवत होती आणि खाली एकेक बाई सावकाश आपलं म्हणणं मांडत होती. मी झाडाभोवती फेऱ्या मारत राहिले. त्या थांबायला तयार झाल्या, आणि एकदा तयार झाल्यावर त्यांनी जे काम केलं ते भाडोत्री हातांनी केलं नसतं, पण ती बैठक मला आजही अंगावर आल्यासारखी आठवते.

मी मधलं काही तरी ठरवलं. सुकत आलेली मिरची झाकायची, कालपरवाची ओली उघडीच ठेवायची. चाचांचा चेहरा पडला, आप्पाचाही पडला. आणि पाऊस? पाऊस आला रस्त्यापलीकडे. समोरच्या पथारीवर सडासड कोसळला; आमच्याकडे चार थेंब, धुळीचा वास, आणि मिरचीचा असा भपकारा की सगळे खोकत सुटले. पावसाची कड डांबरी रस्त्यावर स्पष्ट दिसत होती. झाकलेल्या ढिगांना थोडा घाम सुटला, उघड्या मिरचीला थोडे डाग पडले. दुसऱ्या दिवशी चाचा म्हणाले, बघा, आला ना. आप्पा म्हणाला, बघा, आला का? दोघंही जिंकले. मी तेवढी हरल्यासारखी हिंडत होते.

शेठ संध्याकाळी आले ते चिडूनच. दोघांनीही त्यांना फोन केले होते. एकाने सांगितलं बुडालो, दुसऱ्याने सांगितलं सोनं झालं. शेठ भला माणूस, पण त्यांना सरळ गोष्टी आवडतात. गाडीला टेकून ते मला म्हणाले, "एका पथारीवर दोन डोकी नकोत. मला एकच माणूस पाहिजे. होळीला सगळं बंद होतं, तोवर एक नाव सांग. दुसऱ्याला पुढच्या हंगामाला बोलवायचं नाही. आणि आत्ता कुणाला काही बोलू नकोस, काम बिघडेल."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. शेठ गाडीत बसले.

त्या दिवसापासून मला जे लागलं ते होळीपर्यंत सुटलं नाही. दोन माणसांतलं एक ठेवायचं. रोज सकाळी मी चाचांच्या बाजूने ठरवायची आणि दुपारच्या उन्हात आप्पाच्या बाजूने. भाजी चिरताना, रिक्षाची वाट बघताना, यार्डातल्या बोलीच्या गलक्यात, सारखं तेच. भीती बाळगणारा माणूस जास्त कामाचा, की भीती घालवणारा? चाचा गेले तर आम्ही एके दिवशी नक्की भिजणार. आप्पा गेला तर आम्ही रोज थोडे थोडे कुजणार. चाचांचं वय झालं होतं, त्यांना दुसरं काय मिळणार? पण वयाकडे बघून ठेवलं तर ती दया झाली, आणि चाचांना ती कळली असती. मला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि बोलायला बंदी होती.

बंदी माझ्यापुरतीच होती म्हणा. शेठच्या गाडीच्या चालकाने सगळं ऐकलं होतं. दोन दिवसांत पथारीवर सगळ्यांना माहीत झालं की होळीला एक जण जाणार.

मग जे घडलं ते मी पुन्हा पुन्हा आठवते, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आप्पाच्या वागण्यात काडीचाही फरक पडला नाही. शेडमध्ये त्याचं सामान नेहमीसारखंच विस्कटलेलं. खिळ्यावर आरसा, आरशात खोचलेला कंगवा, कोपऱ्यात चपलांचे दोन जोड, चार्जिंगला लावलेला फोन, आणि शेताला न्यायचं कांद्याचं बी, जे न्यायचं तो रोज विसरे. उलट पुढच्या वर्षी शेडला नवे पत्रे टाकू, निंबाखाली ओटा बांधू, असे बेत तो मला सांगायला लागला. मी ऐकत असताना त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायची.

चाचाही रोजच्यासारखे कामाला येत होते. फक्त एके दिवशी त्यांचा चहाचा काचेचा ग्लास शेडच्या फळीवर दिसला नाही. फुटला असेल असं मला वाटलं. पुढे कधी तरी खिळ्यावरचा जुना स्वेटर गेला. ऊन वाढलं होतं म्हणून मी तेही सोडून दिलं. मग नमाजाची चटई. मग सुपारीची डबी. आणि मग ज्याच्या मुठीला त्यांनी स्वतः सुतळी गुंडाळली होती, ते त्यांचं दाताळं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. चाचांना आभाळ दिसलं होतं, आणि ते एकेक वस्तू झाकत चालले होते.

मला राहवलं नाही. शेठची ताकीद बाजूला ठेवून मी दोघांनाही शेडपाशी बोलावलं आणि म्हटलं, तुम्ही जे ऐकलंय त्याबद्दल सांगते, अजून काहीही ठरलेलं नाही. माझ्या दृष्टीने ते खरं होतं आणि धीराचंही होतं. आप्पा खुलला. माझ्याकडे बघून असा हसला, जणू मी त्याला नेमणूकपत्रच दिलं. चाचांनी मान हलवली, टोपी सारखी केली आणि कामाला गेले. संध्याकाळी त्यांची छत्रीही शेडमध्ये नव्हती.

एकच वाक्य मी दोघांना एकाच वेळी, एकाच आवाजात सांगितलं होतं. ते दोन माणसांत जाऊन दोन झालं. सुरतच्या त्या हॉलमध्ये पुदिन्याच्या गोळ्या चघळत मी जे ऐकलं, त्यात हे कुठेच नव्हतं. आपण समजतो की माणसं कामाबद्दल वेगळा विचार करतात. कामापुरतंच ते थांबत नाही. माणूस ज्या नजरेने मिरचीवरच्या ढगाकडे बघतो, त्याच नजरेने आपल्या मालकाकडे, आपल्या म्हातारपणाकडे, आपल्याशी बोलणाऱ्या बाईकडे बघतो. मला हे कळलं आणि कळून माझी घालमेल वाढली, कारण आता चाचांशी काय बोलावं हेच मला सुचेना.

मार्थाबाईने एकदा पोत्यावर बसून देठ खुडता खुडता मला विचारलं, मॅडम, तू एवढी चालते कशाला? मी तिला सांगितलं, सगळं सांगितलं. ती खुडत राहिली. मग म्हणाली, "आमच्यात ज्याचं बोलायचं तो तिथं बसलेला पाहिजे. त्याला बाहेर ठेवून ठरवलं तर तो घरी बसून ठरवतो." मी म्हटलं, शेठनी बोलू नको म्हणून सांगितलंय. ती म्हणाली, "मग शेठला आण निंबाखाली." ते शक्य नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. शेठ आणि टोळीतली कालपरवा आलेली पोर शेजारी शेजारी मांडी घालून बसलेत, हे चित्र डोळ्यांसमोर येऊन मला हसू आलं. तिला आलं नाही.

होळी जवळ आली की पथारी आपोआप रिकामी होत जाते. आमचे पोती उचलणारे हमाल सातपुड्यातले. तिकडच्या काठी गावच्या मोठ्या होळीचे वेध लागले की त्यांचे पाय मिरचीवर ठरत नाहीत. काम करता करता ते घुंगरांची, मोरपिसांची, कुणाच्या ढोलाला नवं कातडं घातलंय त्याची बोलणी करतात, आणि एक दिवस सकाळी येतच नाहीत. मग मार्थाबाईची टोळी गाठोडी बांधते. मैदानावर मिरचीचा लाल डाग तेवढा उरतो आणि वाऱ्यावर बिया उडतात. मला हे दिवस कधीच आवडले नाहीत. गेल्या वर्षी तर मला ते सहन होत नव्हते.

टोळी गेली त्याच दिवशी मी शेठच्या दुकानी गेले. काय बोलायचं ते रिक्षात घोकत होते. एक नाव मी सांगणार नाही. चाचांमुळे आप्पा ताळ्यावर आहे आणि आप्पामुळे चाचा. दोघांचं भांडण हीच माझी ताडपत्री आहे. कुणाला काढायचंच असेल तर दुसरा व्यवस्थापक बघा. हे शेवटचं म्हणताना आवाज कापू नये म्हणून मी ते दोनदा पुटपुटले, तेव्हा चालकाने मागे वळून बघितलं.

शेठ पेढ्यांचा खोका उघडत होते. नातू झाला होता. मी म्हटलं, ते नावाचं. ते म्हणाले, "कसलं नाव?" मी आठवण करून दिली. त्यांनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि हसून म्हणाले, "अगं, तेव्हा डोकं तापलं होतं. राहू दे दोघांना. रंग चांगला आला यंदा." इतकंच. ज्या ढगाखाली मी इतके दिवस फिरले, तो ढग शेठच्या डोक्यातून त्याच संध्याकाळी निघून गेला होता. मला राग यायला हवा होता. मला इतका आनंद झाला की पेढा हातात तसाच धरून मी बाहेर पळाले.

चाचांच्या मोहल्ल्यात रिक्षा आत जात नाही. मी चालत, खरं तर पळतच गेले. चाचा ओट्यावर बसून छत्रीची उसवलेली कड शिवत होते. घरातून त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. मी धाप लागलेलीच बोलले, की दोघंही राहणार, शेठनी सांगितलं, पुढच्या हंगामाला तुम्ही येताय.

चाचांनी सुई कापडात टोचून ठेवली. "मी तठे जबान दी बठनू, बेटी." ते शब्द देऊन बसले होते.

"कुठे?"

"रस्ताना पल्याड. समोरनी पथारीवर."

मला आधी ते समजलंच नाही. मी म्हटलं, तुम्हाला कुणी काढलं नव्हतं, चाचा. ते म्हणाले, "काढाना आधी निंघी जानं बरं ऱ्हास. काढेल मानूसले कोन ठेवस?" काढलेल्या माणसाला कोण ठेवतं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पाऊस येणार म्हणून ढीग झाकला, असं सांगावं तसं ते सांगत होते.

मी म्हटलं, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, अजून काही ठरलं नाही म्हणून. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "चांगली बातमी ऱ्हाती ते तू पयत येती."

बातमी चांगली असती तर मी पळत आले असते. आणि आत्ता मी पळतच आले होते. पेढा घामाने हाताला चिकटला होता. तो मी त्यांना दिला, त्यांनी अर्धा मोडून बायकोला दिला. तिकडच्या मालकाला सांगून बघते, असं मी म्हटलं, पण दिलेला शब्द मोडायला चाचा तयार झाले नाहीत, आणि ते होणार नाहीत हे मला बसल्या बसल्याच कळत होतं. मला रडू आलं. ते मी तिथे आवरलं आणि मोहल्ल्याबाहेर येऊन आवरलं नाही.

आप्पाला सांगितलं तेव्हा तो मोठ्याने हसला. "ई जाई परत. काही होवाव नही." येईल परत, म्हणाला. पण हसणं संपल्यावर तो तसाच उभा राहिला, रस्त्याकडे बघत.

हा सगळा मागचा हंगाम. कोण चुकलं हे मी अजून ठरवू शकलेले नाही, आणि बसून ठरवावं इतकी मी बसतही नाही. शेठ रागात बोलले आणि विसरले. चाचा आपल्या स्वभावाने वागले. आप्पाही. माणसं सांभाळायची म्हणजे त्यांच्या मतांची बेरीज-वजाबाकी करायची, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, ज्याला वाईट आधी दिसतं त्याला चांगलं लवकर सांगावं लागतं. आपलं सगळं नक्की होईपर्यंत थांबलं, की त्याचं नक्की होऊन गेलेलं असतं. हे मला कळून आता काय उपयोग? चाचा रस्त्यापलीकडे आहेत. इथून त्यांची पांढरी टोपी दिसते.

यंदा आमच्याकडे भांडण नाही. कुणी ताडपत्री ओढत नाही, शेठला फोन जात नाहीत. शेठ म्हणाले, पथारी कशी शांत झाली. मला ती शांतता सोसवत नाही. कारण आप्पा बदललाय. आल्या आल्या तो वर बघतो. कांद्याचं बी त्याने या वर्षी आठवणीने घरी नेलं. ऊन चांगलं असलं तरी दुपारी माझ्याजवळ येऊन विचारतो, ताई, झाकूत का? इतकी वर्षं ज्याने कधी काही झाकलं नाही, त्याच्या तोंडून हे ऐकताना मला चोरट्यासारखं होतं. काही होवाव नही, असं मी त्याला म्हणते. माझ्या तोंडी ते शोभत नाही, आणि तो हसतही नाही.

तिकडेही काही वेगळं नाही. समोरच्या पथारीचे व्यवस्थापक मला यार्डात भेटले. तुमचे चाचा माणूस चांगला, म्हणाले, पण आमच्याकडे त्यांना अडवणारं कुणी नाही. ते झाका म्हणाले की आम्ही झाकतो, ढीग तापतात. आणि अलीकडे तर ते झाका असंही लवकर म्हणत नाहीत, म्हणाले. नुसते उभे राहतात.

दुपार कलंडली तशी आज हवा पडली. पांढुरकं आभाळ खालून काळं व्हायला लागलं. मार्थाबाईने मान वर केली, बायांचे हात थांबले. पाऊस आला तर थांबायचं का, ते ठरवायला यंदा निंबाखाली आधीच बसून घ्या असं मी सांगून ठेवलंय, आणि सांगितलं तेव्हा मार्थाबाईने माझ्याकडे जरा निरखून बघितलं होतं. आप्पाने ताडपत्रीची दोरी सोडवून हातात घेतली. मी त्याच्याजवळ गेले. तो आभाळाकडे बघत नव्हता, रस्त्यापलीकडे बघत होता. "तो काब्र झाकत नही?" तो म्हणाला. चाचा का झाकत नाहीत, ते मीही बघितलं. समोर मिरचीच्या कडेला पांढरी टोपी उभी होती. चाचांच्या हातात दोरी होती. आणि ते आमच्याकडे बघत होते.

रस्त्यावरून एक ऊस भरलेली गाडी गेली, मागोमाग एक एस.टी. धूळ खाली बसली. दोघं तसेच उभे होते. मग आप्पाने तोंडावर बांधलेलं फडकं खाली ओढलं, डांबरी रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि हाक मारली, "चाचा, झाकूत का?"

पलीकडून उत्तर आलं. इतक्या लांबून ते बारीक ऐकू आलं.

"तुले काय वाटस, आप्पा?"

एका पथारीवर, एकाच ताडपत्रीची दोन टोकं धरून इतके हंगाम काढले त्यांनी, आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला हे कधी विचारलं नव्हतं.